बर्नर ओके, भाषण पेंडिंग

आमच्या घरात कुठलीही नवी वस्तू टेस्टिंगशिवाय वापरली जात नाही, आणि टेस्टिंगनंतर ती वापरण्याजोगी उरत नाही.

यात माझा काही दोष नाही. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात आहे. तिथे गाड्यांचे प्लॅस्टिकचे पार्ट बनतात आणि मी ते नापास करतो. (पासही करतो, पण त्यात ती मजा नाही!) माझ्या पट्ट्याला दोन स्टिकरचे रोल कायम लटकलेले असतात. हिरवा ‘ओके’, लाल ‘रिजेक्ट’. त्यातला एकेक रोल मी घरीही आणला होता. याला कंपनी चोरी म्हणेल, मी सँपल म्हणतो. घरी नवा मिक्सर आला तेव्हा मी त्याची लोड टेस्ट घेतली, म्हणजे त्यात अख्खी हळकुंडं दळली. मिक्सरने धूर सोडला आणि मी त्याला लाल स्टिकर लावला. तेव्हापासून मनीषा, म्हणजे माझी बायको, दुकानातून काहीही आणलं की आधी ते माझ्यापासून लपवते.

ही गोष्ट डीव्हीडी बर्नरची, म्हणजे कोऱ्या डिस्कवर व्हिडिओ उतरवणाऱ्या यंत्राची. तेव्हा ज्याच्या कॉम्प्युटरला बर्नर असेल तो आमच्या काळेवाडीत जवळजवळ नगरसेवक समजला जाई. लोक बारशाच्या, मुंजीच्या कॅसेटी घेऊन दारात उभे राहत. मी बर्नर घेतला तो मात्र एकाच कामासाठी. ते काम माझ्या सासऱ्यांच्या भाषणाचं होतं.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो आणि सासूबाईंना मामी. दोघं तळेगाव दाभाड्याचे, पिढ्यान्‌पिढ्या मावळातले. मामा एका कारखान्यात मोल्ड बनवायचे. मोल्ड म्हणजे साचा, ज्यातून प्लॅस्टिकचा पार्ट निघतो. मामांच्या बोलण्यात एकूण दोन शब्द. एक ‘व्हय’ आणि दुसरा ‘बगू’. मी मुलगी मागायला गेलो तेव्हा ते ‘बगू’ म्हणाले आणि मांडवात ‘व्हय’ म्हणाले. मधल्या काळात आमचं जे काही बोलणं झालं ते सगळं मामींनी केलं.

असे हे मामा रिटायर झाले. कंपनीच्या कँटीनमध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला आणि त्यात मामा चक्क माइकवर बोलले! नेमक्या त्याच दिवशी मामी आणि मनीषा साताऱ्याला, धाकट्या मेहुणीच्या बाळंतपणाला. घरचा म्हणून मी एकटाच हजर होतो, दापोडीच्या कांबळेचा हँडीकॅम घेऊन. कांबळे माझ्याच शिफ्टचा, जिवाभावाचा दोस्त.

मामी परत आल्या तर शेजारचे, मामांच्याच कारखान्यातले गाडेतात्या त्यांना म्हणाले, “वहिनी, काय बोललं वो तुमचं मालक तुमच्याबद्दल! अख्खं कँटीन टाळ्या वाजवत व्हतं.”

“माज्याबद्दल? काय म्हनले?”

“त्ये मी सांगून न्हाई जमायचं. त्यांच्याच तोंडनं ऐका.”

मामींनी मामांना विचारलं. मामा म्हणाले, “व्हय, बोललो कायतरी.” मग मामींनी मला फोन लावला.

“जावईबापू, तुमी तितंच व्हता न्हवं? काय म्हनले त्ये?”

“मामी, मी कॅमेऱ्यामागे होतो. पिक्चर असलं शार्प आलंय म्हणून सांगू!”

“आन्‌ कान कुटं व्हते?”

आता काय सांगणार? कँटीनच्या ट्यूबलाइटमुळे मामा हिरवट दिसत होते आणि माझा सगळा जीव त्या हिरवटपणात अडकला होता. शब्द कुठले ऐकतोय! पण मामी काकुळतीला आल्या होत्या. आयुष्यभर ज्या माणसाने भाजी चांगली झाली तरी ‘व्हय’ एवढंच म्हटलं, तो चार लोकांत आपलं नाव काढून काय बोलला हे त्यांना ऐकायचं होतं. मी छातीवर हात ठेवून म्हटलं, “मामी, पुढच्या आठवड्यात डीव्हीडी तुमच्या टीव्हीवर. गॅरंटी माझी!”

आमच्या पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी गुरुवारी आणि लाइटही जाते गुरुवारीच. हे लहान पोरालाही माहीत आहे. मला त्याहून जास्त माहीत आहे. तरी मी हँडीकॅमवरून भाषण कॉम्प्युटरवर उतरवायला गुरुवारच निवडला, कारण सुट्टी तेव्हाच होती. मध्येच पंखा थांबला, पुन्हा फिरला. मी कॉम्प्युटर पुन्हा चालू करून बघितलं तर फाइल जागेवर होती आणि चांगली गलेलठ्ठ होती. मनीषा म्हणाली, “अहो, एकदा शेवटपर्यंत लावून बघा ना.”

“मनीषा, फाइल बघायची नसते. बर्नर बघायचा असतो. मशीन नवीन आहे!”

आणि मी टेस्टिंगला बसलो.

पहिली टेस्ट स्पीडची. सगळ्यात जास्त वेगावर बर्नर असा घुमायला लागला की कॉम्प्युटर टेबलावरून सरकत सरकत कडेला आला. व्हायब्रेशन! यावर उपाय मला तोंडपाठ. मी स्वयंपाकघरातून वरवंटा आणून कॉम्प्युटरच्या डोक्यावर ठेवला.

“अहो, मला चटणी वाटायचीय!”

“मिक्सरमध्ये कर की.”

“मिक्सर तुम्ही टेस्ट केलाय!”

मी वरवंटा नीट मध्यावर सरकवला.

वरवंट्याखाली बर्नर गुमान चालला. एक डिस्क निघाली. ती टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये घातली, तर मामा माइकसमोर उभे, “नमस्कार मंडळी” म्हणतायत. चालली! डिस्क बाहेर, हिरवा स्टिकर. मग उन्हाची टेस्ट. डिस्क गच्चीवर तापत ठेवली. पुन्हा प्लेअरमध्ये. “नमस्कार मंडळी.” ओके! मग पाडापाडीची टेस्ट. ओट्यावरून पाडली, फ्रिजवरून पाडली, आणि शेवटी बाल्कनीतून सोडली, ती खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कुरडयांमध्ये गेली. काकू जे बोलल्या ते मी इथे लिहीत नाही. डिस्क पुसून लावली. “नमस्कार मंडळी.” ओके! कंपनीत आम्ही पार्ट मिठाच्या फवाऱ्यात ठेवतो, गंज चढतो का बघायला. घरी फवारा नव्हता म्हणून कैरीच्या लोणच्याचा खार घेतला. डिस्कला वास लागला पण मामा तसेच ठणठणीत उभे. “नमस्कार मंडळी!” (मनीषा म्हणाली, “बाबांना आणखी काही बोलू द्याल की नाही?” तेव्हा मला तो विनोद वाटला.)

एवढ्यात कांबळेचा फोन आला. “राव, कॅमेरा दे की परत. भाचीचं बारसं आहे.”

“घेऊन जा, भावा. टेपही आतच आहे.”

“त्याच टेपवर घेऊ का मग? तुझं काम झालं ना?”

“बिनधास्त घे! माझ्याकडे टेस्टेड माल आहे.”

पुढच्या गुरुवारी आम्ही तळेगावला पोहोचलो. खिशात त्याच फाइलवरून काढलेल्या, हिरव्या स्टिकरच्या तीन डिस्क. एक द्यायची, दोन राखीव. क्वालिटीचा माणूस एकाच पीसवर कधी जात नाही. तिथे लाइट होती. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर लाइटवर ढकलायची सोयही राहिली नाही.

मामींनी अर्धी आळी बोलावली होती. स्वतः ठेवणीतली हिरवी नऊवारी नेसल्या होत्या, नाकात नथ. लग्नालाच निघाल्यासारखी सगळी तयारी! मामा दाराजवळच्या खुर्चीत बसले होते, एक पाय चपलेत घालून, म्हणजे वेळ आली तर सटकता यावं. मी समोर उभा राहून बर्नरच्या टेस्टिंगवर दोन शब्द बोललो. “एका ट्रायलवर माल पास करायचा नसतो” हे माझं आवडतं वाक्यही टाकलं. गाडेतात्या म्हणाले, “लावा आता.”

लावली. मामा पडद्यावर आले आणि मामींनी पटकन डोक्यावर पदर घेतला.

“नमस्कार मंडळी. मला काय बोलता येत न्हाई...” मामा कारखान्याबद्दल बोलले, साहेबांबद्दल बोलले, कँटीनच्या चहाबद्दल बोलले. मग थांबले, घसा खाकरला. “आता येक शेवटचं. माजी बायकू...”

आणि चित्र थांबलं. मामांचं तोंड उघडं, हात अर्धा वर.

“अगं बया!” मामी म्हणाल्या. “फुडं?”

“काही नाही, मामी! डिस्कवर धूळ असेल. राखीव आहे ना!” दुसरी लावली. पुन्हा कारखाना, पुन्हा साहेब, पुन्हा चहा. “माजी बायकू...” तोंड उघडं, हात अर्धा वर.

तिसरी लावली. (ती लोणच्याची. अख्ख्या खोलीत वास सुटला.) “माजी बायकू...”

प्रत्येक पीसवर एकच डाग, एकाच जागी! आमच्याकडे नव्या पोराला मी पहिल्याच दिवशी शिकवतो, असं दिसलं की मशीनकडे बघू नकोस, मोल्ड बघ. बर्नर बिचारा चोख होता. मूळ फाइलच तुटकी होती, त्या गुरुवारी पंखा थांबला होता तिथेच. आणि टेपवर आता कांबळेची भाची पाळण्यात झोपली होती.

मी मनीषाकडे पाहिलं. तिला कळलं होतं. मी जमेल तेवढ्या ताठ आवाजात सांगून टाकलं, “मामी, पुढचं गेलं.”

“गेलं म्हंजी? परत येनार न्हाई?”

“नाही.”

मामींनी हळूच नथ काढली आणि मुठीत धरली. “ऱ्हाऊंद्या जावईबापू,” म्हणाल्या, “तुमी लई खटपट केली.” त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला इतकी लाज वाटली की त्या थिजलेल्या मामांकडेही बघवेना. गाडेतात्यांनी सांगायचा प्रयत्न केला, पण त्यांना टाळ्याच आठवत होत्या.

तेवढ्यात दाराजवळची खुर्ची वाजली. मला वाटलं मामा सटकले. पण मामा चप्पल काढून आत आले आणि टीव्हीसमोर उभे राहिले. मामींकडे पाठ, टीव्हीतल्या स्वतःकडे तोंड.

“मी म्हनलो व्हतो,” ते म्हणाले, “माजी बायकू आज हितं न्हाई. आसती तर मी बोललोच नसतो.”

कोणीतरी हसलं. मनीषाने त्याला गप्प केलं.

“मी मोल्ड केला की त्यो धा जन तपासायचे. हिकडनं घासा, तिकडनं घासा. घरी मातुर हिनं मला कदी तपासलं न्हाई. जसा हाय तसा पास केला. पगार थांबला तवाबी, मी मुक्यावानी बसून ऱ्हायलो तवाबी. येवढंच म्हनलो व्हतो.”

आळीतल्या बायका डोळे पुसायला लागल्या. माझेही भरून आले. (लोणच्याच्या वासाने, असं मी मनीषाला सांगितलं.) मामा वळून पुन्हा खुर्चीकडे निघाले, तर मागून मामींचा आवाज आला.

“परत म्हना.”

“आँ?”

“परत म्हना. हिकडं त्वांड करून. जावईबापू सांगत्यात, येका ट्रायलवर माल पास करायचा नसतो.”

मामा माझ्याकडे असे बघायला लागले की मी उगाच रिमोटची बटणं दाबत बसलो. पण म्हणाले, “व्हय.” आणि मामींच्या समोर उभे राहून अक्षरन्‌अक्षर पुन्हा म्हणाले.

गाडेतात्यांनी विचारलं, “मग वहिनी, पास का?”

मामींनी नथ पुन्हा नाकात घातली, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “बगू.”

रात्री जेवताना मला श्रीखंड दुसऱ्यांदा वाढलं गेलं. त्यावरून मी ताडलं की एकंदर टेस्टिंग यशस्वी झालेलं आहे. सकाळी मी मोटरसायकलवर तळेगावहूनच परस्पर चाकणला निघालो. मनीषाने जॅकेट घालायला मदत केली, पाठीवरून प्रेमाने हात फिरवला. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी असं प्रेम! रस्त्यात तर आणखीच मजा. जो तो मला ओव्हरटेक करताना वळून बघत होता, हसत होता. कंपनीच्या बसमधल्या पोरांनी खिडकीतून हात हलवले. मीही ऐटीत हलवला. माणूस आनंदी असला की जग कसं त्याची दखल घेतं, असा विचार करत मी गेटवर पोहोचलो.

वॉचमनने मला थांबवलं. माझ्या पाठीमागे गेला, वाचलं, आणि पुढे येऊन हात जोडून म्हणाला, “साहेब, रिजेक्ट माल आत न्यायचा तर चलन लागतं.”

हा नियम मीच केलेला होता. त्यामुळे मी गाडी बाजूला घेतली आणि मुकाट उभा राहिलो.