बोलून उडवायचं विमान

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवून ठेवतो... नवा रायपुरात रविवारी सकाळी चहा मिळत नाही.

राजधानी आहे. रस्ते इतके रुंद की पलीकडे जायचं तर सोबत डबा घ्यावा. कारंजी आहेत, दिवे आहेत... पण भल्या सकाळी एखादी टपरी उघडी असेल तर शपथ! सोमवार ते शुक्रवार जुन्या रायपुरातल्या तात्यापाऱ्यातून याच रस्त्यानं नोकरीला येतो. तेवढं पुरेसं नव्हतं म्हणून हल्ली रविवारीही येतो... विमान शिकायला. रिमोटचं. पन्नाशी उलटल्यावर.

याला कारण माझे थोरले साडू, म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो. उभा जन्म रेल्वेचं इंजिन चालवलं, रिटायर झाल्यावर फोमची विमानं बनवायला लागले. आता डोळ्यांत काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी त्यांनी घरी येऊन रिमोट खाली ठेवला. "ज्याले सिग्नल दिसत नाही, त्यानं गाडी चालवू नये." विषय संपला.

राहिलं त्यांच्या हातचं शेवटचं विमान. पिवळं, चपलेच्या जोडाइतकं हलकं. मी शिकलो तर उडेल, नाहीतर कपाटावर धूळ खाईल, असं बायकोनं मला सरळ सांगितलं. मी म्हटलं, मी दमलेला माणूस आहे. ती म्हणाली, "दमले असाल तं उभंच राहायचं आहे नं, धावायचं थोडंच आहे?"

तर नवा रायपुरच्याही पुढे, विमानतळापासून लांब, धान कापून रिकामं झालेलं एक शेत आहे. मालकाला विचारून आम्ही तिथं जातो. आणि तिथं सुरू होतो माझा साप्ताहिक अपमान...

कारण भाऊंच्या राज्यात मुकाट्यानं विमान उडवता येत नाही. इंजिनात म्हणे सिग्नल दिसला की एकानं तो मोठ्यानं बोलायचा आणि दुसऱ्यानं तोच परत म्हणायचा. इथंही तीच पद्धत. मी ओरडतो, "रिमोट चालू!" मागून भाऊ, "रिमोट चालू." मग बॅटरी लागली, वारा समोरून, समोर माणूस नाही... प्रत्येक गोष्ट दोनदा. बांधावरच्या म्हशी माझ्याकडे ज्या नजरेनं बघतात, ती मला ऑफिसातून चांगली ओळखीची आहे.

हवेत गेल्यावरही सुटका नाही. कुठं आहे, किती वर आहे, कुठं वळतंय, सगळं बोलायचं. मी कंटाळून पुटपुटायचो. "जेवला नाही का बे? जोरात बोल!" ऐकून घ्यावं लागतं... कारण चहा त्यांचा असतो. थर्मास तेच भरून आणतात, कप म्हणून त्याचं एकच झाकण, आणि दर रविवारी पहिलं झाकण मी रिचवतो.

गेल्या रविवारी मात्र गडबड झाली.

विमान लांब जात असतं तोवर मी बरा पायलट आहे. त्याचं उजवं तेच माझं उजवं. पण तोंड फिरवून ते आपल्याकडे यायला लागलं की सगळं उलटं होतं... वर गेलेली फाईल खाली येताना वागते, अगदी तसं. नेमकं ते वळलं आणि रस्त्यावर एक गाडी थांबली. अख्खं कुटुंब मोबाइल वर धरून थेट शेतात. "ड्रोन आय का भैया?"

विमान त्यांच्याच रोखानं कलत होतं. मी रिमोटची दांडी ढकलून सावरायला गेलो तर आणखी कललं. माझी वाचाच बसली.

"काहून गप झाला?" मागून भाऊ.

मी दांडी इकडून तिकडे करत राहिलो.

"अबे बोल! मले काही दिसून नाही राहिलं!"

"माणसं आहेत भाऊ! डावीकडे... आपल्याकडेच येऊन राहिलं... माझ्या डाव्या हाताचा पंख खाली!"

"जो पंख पडला, त्याच बाजूले दांडी दे."

"दिली... सरळ झालं!"

"आता मोटर बंद. उतरव तिथंच."

"तुटेल नं भाऊ!"

"तुटू दे. विमान चिकटवता येते, माणूस नाही येत."

मोटर बंद केली. विमान माझ्यासमोर, माणसांपासून लांब, धानाच्या खुंटांत आपटलं. "आधी विमानाची बॅटरी काढ, मंग रिमोट," भाऊ मागून म्हणाले. मंडळी व्हिडिओ घेऊन निघूनही गेली.

एक पंख दुमडला होता. शेवटचं विमान, तेही मी... उचलून मागे बांधावर बसलेल्या भाऊंच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी पंखावरून हळूहळू बोटं फिरवली. आणि हसले.

"आज लय मस्त दिसलं."

दिसलं? भाऊंना?

"एरवी तू पुटपुटते, तं मले धुकं दिसते. आज कसं साफ! कललं तेही दिसलं, सरळ झालं तेही दिसलं."

मी इतके दिवस या ओरडण्याला कवायत समजत होतो...

आठवडाभर रोज ऑफिसातून आल्यावर मी पंख चिकटवत बसलो. सुबक नाही झाला, पण घट्ट आहे.

नवा रायपुरात चहा मिळत नाही ही तक्रार मी अजूनही मागे घेतलेली नाही. फक्त आज आलं ठेचून चहा मी केला, थर्मास मी भरला. शेतात पोचल्यावर पहिलं झाकण त्यांच्यापुढे धरलं. त्यांचा हात हवेत चाचपडायला लागला.

मी खणखणीत आवाजात म्हटलं, "चहा, उजव्या हाताला! गरम आहे!"

भाऊंनी झाकण धरलं.

"चहा, उजव्या हाताले. गरम हाये."