जिवाणू दमले, मेमो रोझीला

सहावा फ्लास्क वाया गेला आणि डायरेक्टर सरांनी मेमो काढला. कारण, 'अस्वच्छ काचसामान'. नाव रोझीचं.

रोझी आमच्या जामसंड्याच्या लॅबमधली टेक्निशियन, मूळची देवबागची. मी तिथली सायंटिस्ट. कोळंबीच्या तलावांत रोग पसरवणाऱ्या एका जिवाणूचं प्रोटीन आम्हाला टेस्ट किटसाठी हवं होतं. म्हणून त्याचा जीन, म्हणजे ते प्रोटीन बनवायची कृती, आम्ही ई. कोलाय या लॅबमधल्या साध्या जिवाणूत घातली होती. इंड्यूसर नावाचं रसायन टाकलं की जीन चालू होतो. आमच्याकडे ते टाकलं की जिवाणूंची वाढच थांबायची.

मेमो हातात घेऊन रोझी माझ्यासमोर उभी राहिली. "माका सांगा मॅडम, माजा चुकला खंय? पंधरा वर्सां मी ह्याच काम करतंय."

मी तडक केबिनमध्ये गेले. "सर, इंड्यूसरचा डोस फार होतोय. पेशीकडे प्रोटीन बनवणारी यंत्रं मोजकीच असतात. सगळी याच जीनला जुंपली, तर पेशी स्वतःसाठी काय बनवणार?"

"डोस मी ठरवलाय. जास्त डोस, जास्त प्रोटीन. तुम्ही आधी भांडी नीट घासून घ्या."

भांडी! माझं डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी मी रोझीनेच धुतलेले चार फ्लास्क घेतले. दोनांत जीनवाले जिवाणू, दोनांत बिनजीनचे. थोडी वाढ झाल्यावर प्रत्येक जोडीतल्या एकात सरांचा डोस टाकला. संध्याकाळपर्यंत तीन फ्लास्क ताकासारखे गढूळ, म्हणजे जिवाणू भरपूर वाढलेले. जिथे जीन आणि डोस एकत्र होते, तो मात्र होता तिथेच थांबलेला. प्रोटीन्सचे पट्टे दाखवणाऱ्या जेलवर त्या पेशींची स्वतःची प्रोटीन्सही पुसट दिसली.

मग डोस दहाव्या हिश्श्यावर आणला, तापमान उतरवलं. वाढ सावकाश झाली, पण झाली. प्रोटीनही मिळालं.

सर खूश. रिपोर्टात लिहिलं, 'माझ्या मार्गदर्शनाखाली डोस निश्चित केला.'

"आणि मेमो?" मी विचारलं.

"तो फाइलला लागला. आता कशाला उकरता?"

"मग रिपोर्टावर माझी सही नाही."

तीन दिवस रिपोर्ट सरांच्या टेबलावर माझ्या सहीविना पडून राहिला. चौथ्या दिवशी मेमो मागे घेतल्याचं दोन ओळींचं पत्र आलं. रोझीने ते उलटंपालटं करून पाहिलं. "ह्याच्यात सॉरी खंयच नाय!"

नव्हतंच. बिनजीनचा फ्लास्क शेजारी ठेवून तुलना करतात, त्याला कंट्रोल म्हणतात. तो लावायला एक दिवस पुरतो. मेमो टाइप करायला पाच मिनिटं लागतात, म्हणून बहुतेक साहेब मेमोच काढतात.