आम्ही तिघं, गळ आणि भीती

गळ टाकणाऱ्या माणसाकडं मोठमोठ्या माशांचे किस्से असतात, अशी लोकांची समजूत. आमच्याकडं तसे दोन-तीनच. बाकी सगळे घाबरल्याचे! पाण्याकडं बघत दिवसभर बसलं तर मासा लागतो न लागतो. भीती मात्र दर रविवारी हजर. सांगायला बसलो की एकातून दुसरा निघतो.

आम्ही तिघं. मी मानवतला पोस्टात कारकून, म्हणून सगळ्यांचा 'बाबू'. लतीफभाई सायकल दुरुस्तीवाले. आणि साळवे गुरुजी, चौथीच्या वर्गाचे मास्तर, कडक इस्त्रीचा शर्ट घालून मासे धरणारा मी पाहिलेला एकमेव माणूस.

* * *

मरळ धरायची तर जिवंत बेडूक लागतो. तो गळाला लावून पाणगवताच्या कडेला नाचवायचा. मरळ खालून येते ती धाडकन! आमचे बेडूक पत्र्याच्या डब्यात असायचे, तोंडाला ओलं फडकं बांधून. आत सारखी टुणूकटुणूक.

एकदा जेवण करून आलो. फडकं सैल झालेलं. मी डब्यात हात घालणार तोच लतीफभाईंनी मनगट धरलं.

"बाबू, डब्बा गप कामून हाय?"

त्यांनी पायानं डबा आडवा केला. आतून नाग निघाला. पोट फुगलेलं, लय जड झालेला. आमच्याकडं न बघता सावकाश गवतात गेला.

गुरुजींनी लांबूनच वाकून पाहिलं. "एक बेडूक शिल्लक आहे," म्हणाले.

त्या बेडकाला गळाला लावायची कुणाची छाती झाली नाही. सोडून दिला!

* * *

एकदा मी जोरात गळ फेकला आणि तो पाण्यात पडलाच नाही. मागं लतीफभाईंच्या कानात होता. पाळीतून आत!

गळाला उलटा काटा असतो, ओढला तर मांस घेऊन येतो. त्यामुळं तो पुढं ढकलून टोक बाहेर काढायचं आणि पकडीनं तोडायचं. पक्कड लतीफभाईंच्याच पिशवीत, आणि ती नीट चालवता येणारे तेच एकटे. पण स्वतःचा कान कसा दिसणार? गुरुजींनी डोकं धरलं, पक्कड माझ्या हातात.

"बाबू, हात थरथरायलाय तुमचा."

"हात नाही हो, तुमचा कान हलतोय!"

"कान कशाला हलंल? मी सगळाच हलायलोय!"

तुटला एकदाचा. नंतर त्यांनी आम्हा दोघांना पाणी पाजलं.

* * *

दुधना नदीच्या डोहात गुरुजींच्या गळाला काहीतरी जड लागलं. ओढ नाही, झटका नाही, नुसतं जड. हळूहळू वर आलं तर कापड. लाल काठाचं, फुगलेलं.

त्याच आठवड्यात वरच्या अंगाच्या गावातली एक बाई घरातून निघून गेल्याचं आमच्या कानावर होतं. लतीफभाई पुटपुटायला लागले. गुरुजींचा चेहरा पांढराफटक, पण काठी सोडेनात.

"ओढा," मी म्हणालो.

"तुम्ही ओढा," गुरुजी म्हणाले.

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून एक म्हातारी ओरडली, "आरं मुडद्यांनो, नीट वढा की! फाटंल ना माझी गोधडी!"

* * *

पूर्णेवर धरणाच्या खाली, पात्रातल्या एका खडकावर बसलो होतो. लांबून भोंगा झाला.

"पाणी सोडतात वाटतं," मी म्हणालो.

"काय बी! कापसाच्या जिनिंगचा भोंगा हाय तो," लतीफभाई म्हणाले, आणि बिडी पेटवली.

बिडी संपेपर्यंत आमच्या चपला वाहून गेल्या होत्या! काठ चाळीस पावलांवर, मधल्या वाटेवर मांडीइतकं पाणी आणि चढायलेलं. गुरुजींना पोहता येत नव्हतं. तिघांनी एकमेकांचे पट्टे धरले. मध्ये गुरुजी, डोळे घट्ट मिटलेले. एकदा माझा पाय सुटला तेव्हा त्यांनीच मला धरलं. काठावर पडलो तेव्हा आमचा खडक दिसतच नव्हता.

शर्ट पिळत गुरुजींनी विचारलं, "लतीफभाई, इथं जिनिंग कुठं आहे?"

"सेलूला. दहा-बारा कोसांवर," ते म्हणाले.

* * *

आणि हा अठ्ठ्याहत्तर सालचा. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला होता, आणि खेड्यापाड्यांतून बौद्धांची घरं जळत होती. मी म्हटलं होतं, या रविवारी नको. गुरुजी म्हणाले, "रविवार आहे. मी जाणार." लतीफभाई गावात नव्हते. मग मीही निघालो, दोघं एकाच सायकलवर.

पाझर तलावावर सरकीच्या ढेपीचा गोळा लावून बसलो. गुरुजींची दोरा गुंडाळायची चरखी सायकलच्या हबपासून केलेली. दहाच्या सुमारास ती किंचाळली. कटला! आणि त्याच वेळी बांधावर सात-आठ माणसं आली. हातात काठ्या.

एक मिशीवाला खाली उतरला. "पाव्हणं, कोन्त्या गावचे? नाव काय?"

गुरुजी वळले नाहीत. "मासा लागलाय," म्हणाले.

मिशीवाल्यानं पाण्याकडं पाहिलं. चरखी फिरत होती. "लय मोठा हाय," तो म्हणाला. मग, "ढील द्या! आरं, ढील द्या!"

बांधावरचे टाचा उंचावून बघायला लागले. थोड्या वेळानं मासा दमला, कुशीवर आला. गुरुजींनी पुन्हा दोरा सोडला. पुन्हा जवळ आणला. पुन्हा सोडला. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. मी बघत होतो, मासा केव्हाच हरला होता.

शेवटी मिशीवालाच काठी टाकून गुडघाभर पाण्यात शिरला आणि दोन्ही हातांनी कटला उचलून उभा राहिला. हसत होता.

"नाव काय म्हणलं तुमचं?"

गुरुजींनी त्याच्याकडं पाहिलं आणि सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, गाव. स्पष्ट, वर्गात हजेरी घेतात तसं.

त्याचं हसू गेलं. मासा त्याच्या हातात शेपटी आपटत होता. त्यानं बांधाकडं पाहिलं.

"काय नाव सांगायलाय रं?" वरून कुणीतरी ओरडलं.

"देशमुख हायेत!" तो मोठ्यानं म्हणाला. "मानवतचे देशमुख!"

मग मासा गुरुजींच्या हातात देताना, ओठ न हलवता, "गावातून जाऊ नका. बांधाच्या खालून जा."

आम्ही खालून गेलो. मी सायकल चालवत होतो, गुरुजी मागं कॅरिअरवर, मांडीवर मासा. डांबरी सडक लागल्यावर ते म्हणाले,

"बाबू, मी माझंच नाव सांगितलं होतं. तुम्ही ऐकलं ना?"

"ऐकलं, गुरुजी."

मानवत येईपर्यंत त्यांनी तेच आणखी दोनदा विचारलं.