पाय वर घे, गड्या

रक्षा सावडायला गेलो त्या सकाळी संपतच्या थोरल्या भावाने राखेत हात घातला आणि अस्थींबरोबर धातूचे काही तुकडे वर आले... एक वाकडी पट्टी आणि काळे पडलेले स्क्रू. जिथे टाचा होत्या, तिथे. भावाने लाकडातले खिळे समजून ते बाजूला टाकले. मी उचलले. सगळा जन्म लोखंडात गेला, खिळा कोणता आणि स्क्रू कोणता हे मला कळतं. ही पट्टी ऑपरेशन करून हाडावर बसवलेली होती. वाईहून मिरजेला परत येताना माझ्या मनात दुःखापेक्षा संशयच जास्त होता. साताऱ्याच्या शाळेत एका बाकावर बसलेलो आम्ही, आणि या माणसाच्या दोन्ही टाचांत धातू आहे हे मला तो गेल्यावर कळावं?

खरं तर संशय हा त्याचा प्रांत. लष्करात तो चेनवर चालणाऱ्या गाड्यांचा ड्रायव्हर होता, सुभेदार होऊन घरी आला. कलिंगड वाजवून घेणारे पुष्कळ असतात, हा विकणाऱ्यालाही वाजवून घ्यायचा. बांधावरून चालताना आधी काठी टेकवणार, मग पाऊल. पायातले बूट मात्र कधी काढायचा नाही. कृष्णेच्या घाटावर आम्ही सगळे दर्शनाला आत, हा पायरीवर उभा. सुभेदारांचा देवावरही संशय, असं गावात म्हणायचे. पायाला सहा बोटं आहेत का रे, असं मी एकदा विचारलं, तर हसला आणि उसाच्या तोडीवर बोलायला लागला. याने काहीतरी लपवलंय, असं मला तेव्हापासून वाटत होतं.

पुढे माझ्या वर्कशॉपला एका मोठ्या कंपनीकडून लष्करी गाडीच्या सीटचे नमुने करण्याचं काम मिळालं. आम्ही उसाच्या ट्रॉल्या आणि घरचे झोपाळे करणारे लोक. काम साधं वाटलं. सुरुंगावरून गाडी गेली की तिचा तळ खालून पुरीसारखा फुगतो, आणि तळाला सीट जोडलेली असेल तर तो सगळा दणका माणसाच्या कण्यात जातो. म्हणून सीट तळाला जोडायचीच नाही, छताला पट्ट्यांनी टांगायची. टांगण्यात तर आमचा हात धरणारा कोणी नव्हता. गाडीच्या मापाचा सांगाडा उभा केला, सीट टांगली, कंपनीचे साहेब बसून खूश होऊन गेले. ते पुन्हा येऊन पसंतीची सही करणार होते. त्याआधी कौतुकाने संपतला बोलावलं.

तो आला, बसला नाही. मलाच बस म्हणाला. मी बसलो, आणि सवयीने पायाने जमिनीला हलका रेटा दिला. त्याचा चेहरा उतरला.

"झोपाळा केलास गड्या तू," तो म्हणाला. "पाय कुठं हायत बघ."

पाय जमिनीवर होते. झोपाळ्याला रेटा द्यायला पाय टेकावे लागतात, म्हणून आमच्या कारागिरांनी त्याच उंचीवर सीट टांगली होती. कोणी ठरवलं नव्हतं, हाताला तसंच वळण होतं. संपत म्हणाला, कणा वाचेल, पायांचा चुरा होईल. पाय ठेवायची पट्टीही सीटलाच लटकव, तळाला काही टेकता कामा नये. मी म्हणालो, साहेबांना पसंत पडलंय, तुला कोणी सांगितलं पाय जातात म्हणून? यावर त्याने समोरचा चहा उचलला. ते टाळणं मला खटकलं. दुसऱ्या एका वर्कशॉपवाल्याकडे त्याचं जाणं-येणं होतं, त्यानेच याला पढवून पाठवलं असणार असं मला वाटलं, आणि ते मी त्याच्या तोंडावर बोललो. आजही म्हणेन, संशय घ्यावा असंच त्याचं वागणं होतं. तो चिडला नाही. चहा संपवला आणि एवढंच म्हणाला, "माझ्यावर इस्वास ठेवू नगं. मातीची मडकी ठिव पायाच्या जागी, आन् खालनं घण घाल."

त्याला खोटं पाडायचं म्हणून मी ते केलं. सांगाड्याखालून घण बसला, सीट नुसती डुलली, मडक्यांच्या मात्र खापऱ्या झाल्या. पाय ठेवायची पट्टी सीटला लटकवली, सगळं नव्याने केलं, ते पसंत पडलं. आमचं जाणं-येणंही सुरू राहिलं. पण तुला कसं माहीत, या प्रश्नाचं उत्तर त्याने शेवटपर्यंत दिलं नाही.

गेल्या आठवड्यात ती पट्टी आणि स्क्रू रुमालात बांधून संपतच्या बायकोकडे, शालनवहिनींकडे गेलो. त्यांनी रुमाल उघडला आणि बराच वेळ बोटाने ती पट्टी चाचपत राहिल्या... मग सांगितलं. सीमेवर याच्या गाडीखाली सुरुंग फुटला होता. गाडी शाबूत, माणसं जिवंत, याच्या टाचा तेवढ्या गेल्या. वर्कशॉपमधून परतला त्या दिवशी तो घरी बूट काढून कितीतरी वेळ पायांकडे बघत बसला होता. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं? मी काय परका होतो?

"आवं भावजी, मीबी तेच म्हनलं त्यास्नी," वहिनी म्हणाल्या. "तर म्हनले, माजं पाय बगून तो व्हय म्हनंल, मला वाईट नगं वाटाया म्हनून. असल्या कामाला दया नगं. त्येनं वाजवून बगाया पायजे."

मला रडू आलं, आणि थोडा रागही आला त्याचा.

तो पहिला, चुकलेला नमुना अजून वर्कशॉपमध्ये टांगलेला आहे. येणारं गिऱ्हाईक हमखास त्यावर बसतं आणि हमखास पायाने रेटा देतं. मी हातातलं काम टाकून म्हणतो, पाय वर घ्या. लोक माझ्याकडे संशयाने बघतात. बघू देत.