कालची तारीख, वेळ सोळा दहा

आमच्या भूगोल विभागात आम्ही दोघंच प्राध्यापक होतो आणि दोघांचं पटत नव्हतं. पटत नव्हतं हेही मी फार सौम्य सांगते आहे. त्या माणसाचा आवाज जिन्यात ऐकू आला तरी माझी मान आखडायची. सर माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, विभागप्रमुख, मूळचे आजऱ्याकडचे. वर्गात शुद्ध पुस्तकी बोलायचे आणि वर्गाबाहेर पडले की गावाकडचं, मोठ्यानं. मी नोकरीला लागले त्या पहिल्याच वर्षी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले होते, "म्याडमना नकाशा टांगायला येतोय, वाचायला न्हाय." सगळे हसले. ते हसणं मी सहा वर्षं सांभाळून ठेवलं होतं.

विभागाला लॅपटॉप एकच. त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली मीच टाकली होती, कारण नकाशे काढायचं सॉफ्टवेअर त्या जुन्या मशीनवर दुसऱ्या कशात चालेना. खातं एकच, पासवर्डही एकच. लॅपटॉप कपाटात आणि कपाटाची किल्ली सरांकडे. रोज सकाळी ती मागून घेताना मला अपमान झाल्यासारखं वाटायचं.

त्या बुधवारी शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. मलकापूरच्या कॉलेजमधले परीक्षक दहा वाजता यायचे होते. सहा मुलींनी राधानगरीच्या पाणलोटातला पाऊस आणि भातशेती यांवर प्रकल्प केला होता. तीन महिन्यांचं काम, आणि सगळे नकाशे त्या लॅपटॉपमध्ये. सरांकडून किल्ली आणून साडेनऊला मी बटण दाबलं. कंपनीचं चिन्ह आलं, गेलं, आणि स्क्रीन काळी झाली. वर डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ तेवढी लुकलुकत होती. बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच.

"मॅडम, आता काय हो?" एक मुलगी म्हणाली. तिनं फाईल छातीशी घट्ट धरली होती.

आता काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं, पण हे कुणी केलं ते पक्कं ठाऊक होतं. सोमवारी सरांनी चष्म्याच्या नावाखाली सेटिंगमध्ये जाऊन सगळी अक्षरं मोठी करून ठेवली होती. त्यावरून आमची खडाजंगीही झाली होती. ते दारातून आत येतात न येतात तोच मी सुरू झाले.

"काय करून ठेवलंत लॅपटॉपला?"

"मी?" ते थांबले. "काल मी हितं न्हवतोच."

"परवा होतात ना! अक्षरं कुणी मोठी केली?"

"अक्षरं मोठी केली म्हणून मशीन मरतंय व्हय?"

"तुमचा हात लागला की काहीही मरतं, सर. मशीन काय आणि विभाग काय."

मुलींनी माना खाली घातल्या. सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

"पोरींच्या समोर बोललासा हे," ते हळू म्हणाले. "ध्यानात ठेवा."

मी स्क्रीनकडे वळले. मशीन मेलेलं नाही हे माझ्या लक्षात आलं होतं. आत सगळं चालू होतं, फक्त त्याला पडद्यावर चित्र काढता येत नव्हतं. अशा वेळी तीन कळा एकत्र दाबल्या की नुसत्या अक्षरांची काळी खिडकी उघडते, तेवढं मला येत होतं. मी ती उघडली. पासवर्ड दोनदा चुकला. सर मागे हात बांधून माझ्या खांद्यामागे उभे राहिले.

"उभं राहून काय बघताय?" मी विचारलं.

"माझं पाप कुठं सापडतंय ते बघतोय."

स्क्रीन सुरू करताना काय काय घडलं याच्या नोंदी मशीन एका फाईलीत ठेवतं, ती मी उघडली. खाली खाली जात राहिले. एका ओळीत चूक दाखवली होती आणि ती चूक ज्या फाईलीत होती तिचा पत्ताही होता. मी त्या फोल्डरमधली यादी मागवली. यादीत एकच फाईल होती, ती तिथं असायलाच नको होती. तिच्या नावाच्या आधी ती शेवटची कधी लिहिली ते दिसत होतं. कालची तारीख, वेळ सोळा दहा.

मी ती ओळ दोनदा वाचली.

काल दुपारी सर दुसऱ्या वर्षाच्या मुलांना घेऊन राधानगरीला गेले होते. जीपमध्ये जागा नाही म्हणून मला मागे ठेवलं होतं. मी धुमसत एकटीच या खोलीत बसले होते. परीक्षेची तयारी म्हणून लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडून बघितला, तर नकाशाची उजवी कड कापली जात होती. इंटरनेटवर एक पान सापडलं. त्यातल्या ओळी न समजताच एका फाईलीत उतरवल्या. काहीच फरक पडला नाही, म्हणून सगळं बंद करून घरी गेले आणि विसरले. असली फाईल मशीन पुन्हा चालू होताना वाचली जाते, हे त्या पानावर लिहिलं असणार. मी तिथवर वाचलंच नव्हतं.

"काय लिवलंय ते?" सर मागून म्हणाले. "वाचा की मोठ्यानं."

त्यांना दिसत होतं. अक्षरं बारीक असली तरी ते वाकून बघत होते. मी फाईल तिथून हलवायची आज्ञा टाइप करायला घेतली.

"आधी वाचा. मग काढा."

"परीक्षक येतील आता."

"येऊ द्यात."

मी वाचलं. माझाच आवाज मला परका वाटला.

"काल मी कुठं हुतो?"

"राधानगरीला."

"मशीन कुणाकडं हुतं?"

"माझ्याकडं."

ते मुलींकडे वळले. "ऐकलं न्हवं? बसा आता जागेवर." आणि खुर्च्या नीट लावायला लागले.

मी फाईल हलवली, मशीन पुन्हा चालू केलं. पडदा उजळला. सगळी अक्षरं मोठमोठी, सरांनी करून ठेवलेली. ती बदलायची माझी हिंमत झाली नाही.

परीक्षा चांगली झाली. एवढा पाऊस असून उन्हाळ्यात वाड्यांवर पाणी का नसतं, या प्रश्नाला छातीशी फाईल धरलेल्या त्या मुलीनं असं उत्तर दिलं की परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. जाताना ते म्हणाले, नकाशे मोठ्या अक्षरांत छान वाचता आले. सर म्हणाले, "सकाळी मशीन बंद पडलं हुतं. म्याडमनी दुरुस्त केलं." त्यात टोमणा होता की मोठेपणा, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. त्या दिवशी मी टोमणाच धरला. तो सोयीचा होता.

दुपारी जिन्यात मी त्यांना गाठलं. "सर, सकाळी मी जे बोलले..."

"कशाबद्दल म्हणताय? फाईलीबद्दल का हाताबद्दल?"

"दोन्हीबद्दल."

"फाईल ही चूक हुती. चूक कुणाचीबी हुतीया." ते कठड्याला धरून उभे होते. "दुसरं तुम्ही मनातलं बोललासा. ते माघारी घिऊ नका उगंच." आणि ते खाली निघून गेले.

त्यानंतर दोन वर्षं आम्ही त्याच खोलीत काढली. मी त्यांच्यासाठी लॅपटॉपवर वेगळं खातं उघडून दिलं. त्यांनी ते वापरलं, आभार मानले नाहीत. वेळापत्रकावरून, नकाशांच्या कपाटावरून, चुकलेल्या हजेरीवरून भांडणं होत राहिली. मी आरडाओरडा कमी केला, एवढाच फरक. मला ते शेवटपर्यंत आवडले नाहीत, आणि मीही त्यांना आवडले असेन असं वाटत नाही.

ते निवृत्त झाले तेव्हा विभागातर्फे बोलायला प्राचार्यांनी मला उभं केलं. सर समोरच्या खुर्चीत हार घालून बसले होते, माझ्याकडे रोखून बघत. मी खोटं काही बोलायचं नाही असं ठरवून गेले होते. माझं भाषण दोन मिनिटांत संपलं.