सुकदेवची तपासणी

चोपड्याकडून सिल्वासाला आलेला सुकदेव पाटील खडोलीच्या एका कारखान्यात कित्येक वर्षं एकच मशीन चालवत होता. रेनकोटचे प्लास्टिकचे तुकडे पट्टीखाली ठेवायचे, पायाने पेडल दाबायचं. रेडिओ लहरींनी कडा वितळून चिकटायच्या. ठिणगी नाही, धूर नाही. पट्टी बरोबर मांड्यांसमोर यायची, आणि मांड्या आतून गरम व्हायच्या. मशीनला पत्र्याचं कवच होतं. पण त्याने हात अडतो, माल कमी निघतो म्हणून सुपरवायझर अरविंदने ते काढायला लावलं होतं. सुकदेवनेही कधी परत मागितलं नाही. माल जास्त निघाला की त्याची वाहवा व्हायची.

लग्नाला पाच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. त्याची आई बायडाबाई सून वैशालीला दवाखान्यांतून फिरवत राहिली. वैशालीत काही दोष निघाला नाही. नवऱ्याला घेऊन या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा सुकदेव ताट सारून उठला. वैशालीने पुन्हा विषय काढला, तसं त्याने तिला माहेरी नेऊन सोडलं. पुढे फारकत झाली.

दुसरं स्थळ आलं. मुलीच्या बापाने आधी तपासणीची अट घातली. सुकदेव हसतच गेला. शुक्राणू जवळजवळ नव्हतेच; होते ते धड हलत नव्हते. डॉक्टरांनी त्याच्या कामाची सगळी चौकशी केली.

"ह्यानेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही," ते म्हणाले. "पण अशा लहरींनी, उष्णतेने शुक्राणू कमी होऊ शकतात. मशीनपासून लांब राहा. काही महिन्यांनी पुन्हा बघू."

अरविंदने त्याला पॅकिंगला टाकलं आणि मशीनवर दुसरा माणूस बसवला, कवचाशिवायच. पुढच्या तपासणीत आकडा थोडा वर आला. स्थळ तोवर मोडलं होतं.

मग सुकदेव वैशालीच्या माहेरी गेला. ती ओट्यावर शेंगा सोलत होती. दोष आपल्यातच होता, मशीनमुळे झालं असेल, असं त्याने कसंबसं सांगितलं आणि परत चल म्हणाला.

"असेल मशीनमुळे," ती म्हणाली. "पण मला घराबाहेर मशीनने नाही काढलं."

तिने त्याला पाणीही विचारलं नाही.

सून वांझ निघाली म्हणून लेकाचा संसार मोडला, असं बायडाबाई अजून चाळीत सांगते. सुकदेव आत बसून ऐकतो. एकदा तो बोलायला दारापर्यंत आला होता. बायका वळून बघायला लागल्या, तसं त्याने चपला घातल्या आणि बाहेर निघून गेला.