बाबांचं हरणारं कॉलेज

माझ्या बाबांना अमेरिकन फुटबॉलचं वेड होतं, आणि ते वेड उराशी धरून त्यांनी मिल्टन कीन्समध्ये चाळीसेक वर्षं काढली. फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा खेळ, असं मानणाऱ्या देशात हेल्मेट घालून एकमेकांवर आदळणाऱ्या पोरांबद्दल बोलायला त्यांना कुणी मिळालं नाही. शेजारचे इंग्रज नुसते हसायचे. मराठी मंडळात क्रिकेटपलीकडे विषय जायचा नाही. आई म्हणायची, "चालू द्या तुमचा धुडगूस," आणि खोलीचं दार लोटून घ्यायची. उरले मी.

या वेडाचं मूळ त्यांच्या तरुणपणात होतं. इंग्लंडला येण्याआधी दोन वर्षं ते अमेरिकेत शिकले. मक्याच्या शेतांच्या मधोमध एक गाव आणि जवळजवळ गावाएवढंच मोठं कॉलेज. पहिल्याच थंडीत घरमालकिणीने आपल्या नवऱ्याचा कोट त्यांच्या अंगावर चढवला आणि त्यांना मॅचला नेलं. कॉलेजची टीम सपाटून हरली. लोक घसा बसेपर्यंत ओरडले आणि मग घरी जाऊन गरम सूप प्यायले. "हरून इतक्या आनंदाने घरी जाणारी माणसं मी तोवर बघितली नव्हती," बाबा सांगायचे. "आपल्याकडे एका मार्काने नंबर गेला तर घरात सुतक. मी त्या दिवशीच त्यांचा झालो."

ते कॉलेज पुढेही हरतच राहिलं. चार-पाच बडी कॉलेजं सगळी चांगली पोरं उचलायची आणि आलटून पालटून आपसातच जिंकायची. बाबांचं कॉलेज त्यांच्या वेळापत्रकात असायचं ते हात साफ करून घेण्यापुरतं. "आम्ही लिंबूटिंबू," बाबा म्हणायचे. त्यात कमीपणा नव्हता, उलट थोडा अभिमानच होता.

दर शनिवारी संध्याकाळी मॅच संपली की त्यांचा मला फोन यायचा. मी एडिनबराला एका हॉस्पिटलमध्ये फार्मासिस्ट आहे. डॉक्टरांनी लिहिलेले डोस तपासायचे आणि चूक दिसली की हटकायचं, याचा मला पगार मिळतो. खरं सांगायचं तर चुका काढायची खोड पगाराच्या आधीपासूनची आहे. नवऱ्याशी माझं पटलं नाही त्याला बाकी काहीही कारण असो, ही खोड त्यात होतीच. बाबांचा फोन मात्र मी कधीच लक्ष देऊन ऐकला नाही. स्पीकरवर टाकायचा आणि डिशवॉशर रिकामा करायचा. मधूनमधून "हं", "अरे वा", "मग?" एवढं म्हटलं की त्यांचं काम भागायचं. निदान मला तसं वाटायचं.

आई गेल्यानंतरच्या वर्षांत ते फोनवर काहीबाही सांगायला लागले.

"अगं, संस्थानं खालसा होताहेत बघ," एका शनिवारी ते म्हणाले.

"कुठली संस्थानं?"

"मोठी कॉलेजं गं! आता पोरांना दर वर्षी कॉलेज बदलता येतं. पैसेही मिळतात, उघड उघड. मग राजाच्या बाकावर बसून कोण कुजेल? सगळी चांगली पोरं लहान कॉलेजांकडे पळताहेत. कालचा लिंबूटिंबू आज राजाला लोळवतो."

मी काटे-चमचे लावत "अरे वा" म्हटलं. कॉलेजातली पोरं पगार घेतात, हे मला जरा विचित्र वाटलं, पण मी सोडून दिलं. नंतर एकदा म्हणाले, कॅलिफोर्नियातली कॉलेजं आता अटलांटिक किनाऱ्याच्या लीगमध्ये खेळतात.

"बाबा, कॅलिफोर्निया पॅसिफिकवर आहे."

"तेच तर सांगतोय मी!" ते हसत सुटले.

मला हसू आलं नाही. कारण त्याच महिन्यात त्यांनी गाडी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये ठेवली होती, रेडवेने, म्हणजे तिथल्या लाल पायवाटेने, चालत घरी आले होते आणि गाडी चोरीला गेली म्हणून पोलिसांना फोन केला होता. पोलीस बाईने गाडी शोधून दिली आणि नंतर मला फोन केला. तिथून मी बाबांचं प्रत्येक वाक्य संशयाने ऐकायला लागले. ऐकायला लागले म्हणजे मोजायला लागले. काय विसरले, काय चुकले, काय नसलेलं सांगितलं. माझ्याजवळ एक छोटी वही होती. कॅलिफोर्निया मी त्या वहीत लिहून ठेवला.

मग जानेवारीतला तो मंगळवार. सकाळी दहा वाजता मी वॉर्डमध्ये होते आणि बाबांचा फोन आला. कामाच्या वेळी ते कधी फोन करत नसत. पडले की काय या भीतीने मी कॉरिडॉरमध्ये धावले.

"बाळ, आपण जिंकलो," ते म्हणाले. आवाज भरून आला होता.

"काय जिंकलो?"

"सगळं! अख्ख्या अमेरिकेत पहिले. रेकॉर्डिंग लावलं होतं, आत्ता बघून संपवलं. अगं, आपण जिंकलो!"

माझ्या डोक्यात काय आलं असेल? लॉटरीवाले. म्हाताऱ्या माणसांना फोन करून बक्षीस लागल्याचं सांगतात, ते. मी विचारलं, "बाबा, तुम्ही कुणाला बँकेचा नंबर दिला नाहीत ना?"

"नाही गं. फुटबॉल. आपलं कॉलेज."

"बरं बरं. छान झालं. नाश्ता केलात? सकाळची गोळी घेतलीत?"

"घेतली," ते म्हणाले. मी कामात असेन, नंतर बोलू, असंही म्हणाले. मी फोन ठेवला आणि वॉर्डात परत गेले. त्या रात्रीच्या आत वहीत आणखी एक ओळ वाढली.

तीन आठवड्यांनी त्यांना मेमरी क्लिनिकला न्यायला मी मिल्टन कीन्सला गेले. तिथली नर्स प्रेमळ होती. घाई म्हणून कसली नाही. बाबांनी घड्याळाचं चित्र काढलं, त्यात काटे भलतीकडेच गेले. सांगितलेले शब्द परत सांगताना अडखळले. मग नर्सने मला विचारलं, न घडलेल्या गोष्टी घडल्या असं त्यांना वाटतं का?

मी तिला म्हणायला हवं होतं की आपण जरा बाहेर बोलू. मी म्हटलं नाही. बाबा शेजारच्या खुर्चीवर बसलेले असताना मी वही उघडली आणि स्वच्छ इंग्रजीत वाचून दाखवलं. कॅलिफोर्निया अटलांटिकवर आहे असं त्यांना वाटतं. त्यांच्या कॉलेजची टीम, जी त्यांच्या उभ्या आयुष्यात हरत आली आहे, ती अमेरिकेची चॅम्पियन झाली असं त्यांना वाटतं. वर मी थोडी हसले. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते.

नर्सने बाबांना विचारलं, "असं झालं का खरंच?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग इंग्रजीत म्हणाले, तपासणं हा माझ्या मुलीचा पेशा आहे, ती म्हणतेय तर माझीच गफलत झाली असेल. आणि मग मराठीत, फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, "मला वाटलं होतं, मी बघितलं."

नर्सने लिहून घेतलं. मी वही मिटली.

त्यानंतर बाबा फुटबॉलबद्दल बोलले नाहीत. सीझन संपलेलाच होता, त्यामुळे शनिवारचे फोन थांबले तरी मला काही खटकलं नाही. नंतर कळलं की त्यांनी ते चॅनेलच बंद करून टाकलं. का, असं विचारलं तर म्हणाले, "उगाच डोक्यात काहीतरी तयार होतं." मला बरं वाटलं. शहाणपणाने घेताहेत, असं मी मैत्रिणीला सांगितलंसुद्धा.

वसंत संपता संपता त्यांची तब्येत झपाट्याने उतरली. त्यांना एडिनबराला माझ्या घराजवळच्या केअर होममध्ये आणलं आणि मी मिल्टन कीन्सचं घर आवरायला घेतलं. कपाटात तळाशी त्यांचा विटकरी रंगाचा स्वेटशर्ट सापडला. छातीवर कॉलेजचं नाव, कोपरं विरलेली. बाकीचे कपडे चॅरिटी शॉपला दिले, तो एक ठेवला.

एका रविवारी सकाळी तोच अंगावर चढवून मी दूध आणायला निघाले होते. बस स्टॉपवर साठीची एक अमेरिकन बाई उभी होती. माझ्या छातीवरचं नाव वाचून ती जवळजवळ किंचाळली. "तुम्हीही आमच्या कॉलेजच्या?"

मी नाही, माझे वडील तिथे शिकले, मी म्हटलं.

"म्हणजे त्यांनी ती फायनल बघितली? किती खूश झाले असतील ते!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "जन्मभर लोक आम्हाला हसले. माझे वडील त्याआधीच गेले, त्यांना बघायला मिळालं नाही. तुमच्या वडिलांना मिळालं, नशीबवान आहेत."

मी "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तिची बस आली, ती हात हलवत चढली. मी तिथल्या बाकावर बसले आणि फोनवर शोधलं. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. फायनल खरी होती. दर वर्षी कॉलेज बदलणारी पोरं खरी होती, त्यांचे पैसे खरे होते. कॅलिफोर्नियासुद्धा खरा होता. मिलिग्रॅमच्या दशांशासाठी डॉक्टरांना दोनदा फोन करणारी मी, बापाच्या शब्दासाठी एकदा फोन उघडून बघितला नव्हता.

पुढे मी क्लिनिकला पत्र लिहून हे कळवलं. त्या नर्सचं चांगलं उत्तर आलं. स्कॅन आणि बाकीच्या चाचण्यांवरून निदान झालं होतं, माझ्या त्या दोन वाक्यांनी काही फरक पडला नसता. मला ते माहीत होतं, मी याच दुनियेत काम करते. त्यांना आजार होताच. पण त्या मंगळवारी सकाळी ते आजारी नव्हते. पन्नास वर्षं वाट पाहिलेली गोष्ट त्यांना मिळाली होती, आणि जगात सांगायला एकच माणूस होतं, आणि त्या माणसाने त्यांना गोळी घेतलीत का असं विचारलं. मग त्यांनी ती गोष्ट माझ्या शब्दाखातर स्वतःच्या हाताने पुसून टाकली. माझ्यावर एवढा विश्वास त्यांनी ठेवायला नको होता.

त्या रविवारी मी दूध न घेताच केअर होमला गेले. बाबा खिडकीजवळ बसले होते. मला ओळखलं, नाव मात्र आत्याचं घेतलं.

"बाबा," मी खाली बसून म्हटलं, "आपण जिंकलो होतो. तुम्ही खरं सांगत होतात. माझं चुकलं. मी बघितलंच नाही हो."

"अगं, रडतेस काय?" त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मी फोनवर फायनलची शेवटची दहा मिनिटं लावली आणि त्यांच्या पुढ्यात धरली. ते वाकून पाहू लागले. खेळ त्यांच्या डोळ्यांना अजून कळत होता. एका पोराने हवेत झेप घेऊन चेंडू पकडला तेव्हा ते "वा!" म्हणाले आणि मांडीवर थाप मारली. किती तरी दिवसांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं.

"कोण गं ही पोरं?"

"तुमच्या कॉलेजची, बाबा."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाईट वाटू नये अशा बेताने ते हसले. "नाही गं. आम्ही कुठले जिंकतोय!"

मी स्वेटशर्टवरचं नाव दाखवलं. स्क्रीनवरचं नाव दाखवलं. "बघा ना, तेच आहे. बाबा, खरंच." त्यांचं हसू हळूहळू मावळलं आणि ते माझा चेहरा निरखू लागले, आपलं काय चुकलं ते त्यावर लिहिलेलं असेल अशा आशेने. मग मी गप्प बसले.

मॅच संपली. पोरं एकमेकांच्या अंगावर कोसळत होती, वरून कागदाचे कपटे पडत होते. बाबांनी दुसऱ्याच्या मुलाच्या बक्षीस समारंभात वाजवतात तशा दोन-चार टाळ्या वाजवल्या आणि फोन माझ्या हातात परत दिला.

"छान खेळतात," ते म्हणाले. "आमच्या कॉलेजला अशी पोरं मिळायला हवी होती."